उणे अठराची सही

स्पेनहून आलेल्या ई-मेलला बावीस फोटो जोडले होते. पहिल्यात पुठ्ठ्याच्या खोक्याचा तळ आणि त्या तळाला गोठलेलं गुलाबट-पिवळं पाणी. दुसऱ्यात दोन खोकी एकमेकांना अशी चिकटलेली की सोडवताना पुठ्ठा सोलून निघालेला. तिसऱ्यात माकुलाची, म्हणजे स्क्विडची, लादी. आमच्या साच्यातून ती विटेसारखी काटकोनात बाहेर पडते. फोटोतली मधे दबलेली, एका कडेने ओघळलेली, रात्रभर डोकं टेकलेल्या उशीसारखी. सोबत चार ओळी: माल प्रवासात वितळून परत गोठला आहे, अख्ख्या कंटेनरवर ३० टक्के सूट द्या, तोवर पैसे अडवले आहेत.

रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या एका मासळी फ्रीझिंग प्लांटमध्ये मी क्वालिटी आणि डिस्पॅच बघतो. ऑडिटवाल्यांसमोर ही दोन वेगळी खाती आहेत. एरवी एकच माणूस. या प्रकरणात त्या गोष्टीला महत्त्व आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

हा २०२४ च्या ऑक्टोबरातला कंटेनर. ३१ जुलैला पावसाळी बंदी संपते, नारळी पौर्णिमा झाली की बोटी नीट बाहेर पडतात, आणि दसऱ्याच्या आगेमागे मिरकरवाडा बंदराला माकूल बऱ्यापैकी लागतं. माल होता १,२५० खोकी. एका खोक्यात दहा-दहा किलोच्या दोन लाद्या, एकूण २५ टन. चाळीस फुटी रीफर, म्हणजे मशीनने थंड राखलेला, कंटेनर न्हावाशेव्याहून रिकामा आला, आमच्या धक्क्यावर भरला आणि मुंबई-गोवा महामार्गाने परत न्हावाशेव्याला गेला. तिथून पुढे जहाज. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून युरोपचा बहुतेक माल सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालून जात होता. दहा दिवस ते दोन आठवडे जास्तीचे. आमचं माकूल ४१ दिवसांनी पोचलं.

एक्केचाळीस दिवस म्हटल्यावर सगळ्यांना वाटलं, जे काही झालं ते समुद्रातच झालं असणार. शेटनी पहिल्या दिवशीच शिपिंग कंपनीला क्लेमची नोटीस पाठवायला सांगितली. ते योग्यच होतं. वरून न दिसणारं नुकसान असेल तर माल ताब्यात आल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवावं लागतं, नाहीतर माल चांगलाच मिळाला असं धरतात.

शिपिंग कंपनीचं उत्तर आठवड्याभरात आलं. पत्र तीन ओळींचं, आणि सोबत कंटेनरच्या मशीनमधून काढलेला तापमानाचा आलेख, तासातासाचा. त्या आलेखात एक खिंडार होतं. रत्नागिरी सोडल्यावर पाच तासांनी मशीनची वीज गेली होती आणि ६ तास ४० मिनिटं आलीच नव्हती.

म्हणजे कंटेनर रस्त्यावर असताना. ट्रेलरवर चढवलेल्या कंटेनरला वीज मिळते ती जोडलेल्या जनरेटरमधून. तो बंद होता. आमच्या ऑफिसात त्या दिवशी सुटकेचा श्वास ऐकू आला म्हटलं तरी चालेल. गुन्हेगार सापडला होता: ड्रायव्हर.

ट्रान्सपोर्टवाल्याने मामांना आमच्यासमोर उभं केलं. मामा संगमेश्वराकडचे, साठीला आलेले, रीफर ओढून वीस वर्षं झालेली. म्हणाले, "माणगावच्या अलीकडे ट्रॅफिकमधे उभे होतो हो. आपोआप बंद पडला. परत लावायला गेलो, दोनदा लागला, दोनदा पडला. मग पहाटे पेणला मिस्त्री मिळाला." डिझेल काढून विकलं का, हा प्रश्न कोणी थेट विचारला नाही, पण खोलीत तो होता. रीफरच्या ड्रायव्हरवर हा संशय कायमचा असतो. जनरेटरचं डिझेल आणि ट्रकचं डिझेल एकाच भावाने विकलं जातं. मामांच्या भाड्यातले नऊ हजार रुपये कापले गेले. ट्रान्सपोर्टवाल्याने हात वर केले, त्याच्याशी आमचे संबंध जुने.

विम्याकडे गेलो तर तिथे वेगळीच भिंत. गोठवलेल्या मालाच्या विम्याचा जो प्रचलित मसुदा आहे, त्यात मशीन बिघडून तापमान चढल्याची भरपाई मिळायला मशीन सलग २४ तास बंद असावं लागतं. आमचे भरत होते पावणेसात. सर्व्हेयर सज्जन होता. निघताना तो एवढंच म्हणाला, "सात तासांत पंचवीस टन माकूल वितळत नाही हो. हिशेब करून बघा."

हिशेब मी त्या रात्री केला, आणि तिथून हे प्रकरण फिरलं.

गोठलेली एक किलो मासळी एक अंशाने चढवायला साधारण दोन किलोज्यूल उष्णता लागते. पंचवीस हजार किलोंना पन्नास हजार. चाळीस फुटी कंटेनरच्या भिंती, छप्पर, जमीन धरून आतबाहेरच्या फरकाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ४० वॅट उष्णता आत झिरपते. बाहेर ३०, आत उणे १८, म्हणजे ४८ अंशांचा फरक, ढोबळ दोन किलोवॅट. तासाला सात हजार किलोज्यूलच्या आसपास. पावणेसात तासांचे झाले साधारण अठ्ठेचाळीस हजार. पन्नास हजाराला एक अंश, म्हणजे सगळा माल सरासरीने जेमतेम एक अंश चढला.

सरासरी फसवी असते हे मान्य. भिंतीलगतची आणि दाराजवळची खोकी जास्त तापतात. खरेदीदाराच्या अटीप्रमाणे आम्ही तापमान नोंदवणारे दोन लॉगर खोक्यांत ठेवले होते, त्यातला एक दाराशी. त्याची नोंद उणे १९ वरून उणे १४.५ पर्यंत चढलेली होती. युरोपात गोठवलेल्या मालाला उणे १८ लागतं, वाहतुकीत थोड्या वेळापुरती तीन अंशांची सवलत मिळते. म्हणजे त्या कोपऱ्यात अर्ध्या अंशाने आम्ही सवलतीच्या बाहेर होतो. मामांना पूर्ण निर्दोष म्हणता येत नव्हतं. पण उणे १५ ला लादी ओघळत नाही. उणे १० लाही नाही.

मग मी आलेख परत उघडला. खिंडार सोडून बाकीचा.

इथे रीफर चालतो कसा ते सांगायला हवं, कारण आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना ते नीट माहीत नसतं आणि त्या दिवसापर्यंत मीही त्यांच्यातच होतो. थंड हवा मशीनकडून खाली सुटते, जमिनीवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळींतून दारापर्यंत जाते, तिथे वर चढते आणि मालाच्या डोक्यावरून मशीनकडे परतते. आतल्या भिंतीवर वरच्या बाजूला लाल रेघ असते, तिच्यावर माल गेला की परतीची वाट बंद. आंबा असेल तर खोक्यांना भोकं ठेवतात, हवा मालाच्या आतून जाऊ देतात आणि बाहेरच्या हवेची झडप थोडी उघडी ठेवतात, कारण फळ जिवंत असतं, श्वास घेतं, स्वतःची उष्णता सोडतं. हापूसला बारा-तेरा अंशांच्या खाली नेलं तर साल डागाळते आणि फळ पिकायचं विसरतं. गोठवलेल्या मालाचं सगळं उलट. झडप बंद, खोकी खोक्याला खेटून, मधे बोटभरही फट नाही. गोठलेला माल उष्णता सोडत नाही, त्यामुळे ढिगाच्या भोवतीने हवा फिरवली आणि भिंतीतून येणारी उष्णता वाटेतच उचलली की पुरतं.

याचा अर्थ असा की ढिगाच्या आत हवा जातच नाही. आत जर गरम खोकं असेल तर ते बाहेरच्या खोक्यांतून हळूहळू निवत जातं, ओल्या गोधडीसारखं. मशीनची ताकदही तेवढीच असते. आपल्याकडच्या हवेत उणे १८ ला चालताना भिंतीतली उष्णता काढून वर तीन-चार किलोवॅट उरले तरी पुष्कळ. थंड प्लेटांमधे धरून माल गोठवणाऱ्या आमच्या प्लेट फ्रीझरसमोर ती फुंकर आहे. कंटेनर थंडी राखतो; थंडी आणायची ती आपण.

गोठवलेल्या मालाच्या सेटिंगला मशीन परतीच्या हवेवर चालतं. परतीची हवा मालावरून येते, म्हणून ती मालाची चुगली करते. नीट गोठलेला माल भरला की दारं उघडी राहिल्याने चढलेली परतीची हवा दिवसभरात उणे १८ वर येऊन बसते. आमच्या जुन्या कंटेनरांचे आलेख काढून मी ते ताडून पाहिलं. या कंटेनरची परतीची हवा धक्क्यावर मशीन सुरू झालं तेव्हा उणे ८ होती. खिंडारानंतर उणे ७. आणि उणे साडेसतरावर यायला तिला नऊ दिवस लागले. माल जहाजावर चढला तेव्हाही ती उतरतच होती. शिपिंग कंपनीच्या त्या तीन ओळींत हेच लिहिलं होतं: कंटेनर आमच्या ताब्यात आला तेव्हा माल ठरलेल्या तापमानाला नव्हता. आम्ही ते वाचून "झटकतायत" म्हणालो होतो.

तरी शेट अडले. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. "अरे, खराब खोकी सगळी दाराजवळची आहेत. आधी आत भरलेली चांगली, दाराशी भरलेली खराब. मग जनरेटर नाही तर काय?"

म्हणून फोटोंकडे परत. प्रत्येक खोक्यावर लॉटचा शिक्का असतो: कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत गोठवलं ते. मी स्पेनला विनंती केली की खराब खोक्यांचे शिक्के आणि जागा कळवा. त्यांच्या गोदामातल्या माणसाने, देव त्याचं भलं करो, खोकं न् खोकं मोजून तक्ता पाठवला. खराब खोकी २६०. सगळी एकाच लॉटची. त्यातली २१४ दाराजवळ. उरलेली ४६ दाराजवळ नव्हतीच. ती कंटेनरच्या मध्यावर होती. किलोला १० ते २० नग बसतात त्या मापाची खोकी कमी पडली होती, ती आम्ही भरताना नव्या लॉटमधून काढून मधे घातली होती. आणि दाराला अगदी चिकटून जुन्या लॉटची ३२ खोकी होती, जागा उरली म्हणून शेवटी कोंबलेली. ती ३२ ठणठणीत.

दाराचा काही संबंध नव्हता. शेवटी गोठलेला लॉट शेवटी भरला गेला, म्हणून तो दाराशी होता. बस्स.

तो लॉट म्हणजे परतीच्या पावसातली एक रात्र. चार दिवस वादळी हवामानाने बोटी आल्या नव्हत्या, त्या दिवशी सगळ्या एकदम आल्या. संध्याकाळी विजांचा कडकडाट सुरू झाला आणि आठच्या सुमारास एमआयडीसीची लाइट गेली. आमच्या जनरेटरवर कोल्ड स्टोरेज चालतं. प्लेट फ्रीझर त्यावर ओढत नाहीत. साडेतीन तासांनी लाइट आली. बाहेर क्रेटमधे बर्फात माकूल थांबलेलं, त्याचा बर्फ विरत चाललेला, आणि कंटेनर बंदराच्या गेटातून आत जायची मुदत तोंडावर. सुपरवायझरने प्लेटमधला माल नेहमीच्या वेळेलाच बाहेर काढला. घड्याळाप्रमाणे वेळ झाली होती. फक्त त्यातले साडेतीन तास प्लेट थंड नव्हत्या.

त्या वेळी पॅकिंगला असलेल्या मावशी म्हणाल्या होत्या, "लादी वाजत नाय ही." पक्की गोठलेली लादी स्टीलच्या टेबलावर ठेवली की खण्‌कन वाजते, फरशीवर फरशी आपटल्यासारखी. न गोठलेली बद्द. पण बद्द वाजणारी लादी हाताला मऊ लागत नाही, हीच गोम आहे. मासळीच्या अंगातलं पाणी उणे १ च्या पुढे गोठू लागतं आणि उणे ५ पर्यंत त्यातलं तीन चतुर्थांशाच्या वर गोठतं. लादी दगडासारखी दिसते, पण गाभ्यात खारट, द्राव पाणी शिल्लक असतं. वर दहा खोक्यांचा भार आला की ती बसते. तिचं पाणी तळाला उतरतं. पुढे कंटेनरमधे नऊ दिवस सावकाश गोठताना बर्फाचे स्फटिक मोठे होतात, मांसाचे धागे फाटतात आणि उतरलेलं पाणी पुठ्ठ्याला धरून गोठतं. स्पेनच्या गोदामात तापमान मोजायचा प्रोब घातला तेव्हा गाभा उणे १९ होता. खोटं नव्हतं ते. एक्केचाळिसाव्या दिवशी काय, विसाव्या दिवशी घातला असता तरी उणे १८ दाखवलंच असतं.

मावशींना सुपरवायझर म्हणाला, कोल्ड स्टोरेजला जातोय ना माल, गोठेल तिथे. म्हणजे कंटेनरबद्दलचीच चूक, एक पायरी आधी. कोल्ड स्टोरेजही राखायला असतं. तिथे उणे २० च्या हवेत, खोक्यात बंद, ढिगात रचलेली लादी एका दिवसात किती उतरणार? पाच-सात अंश उतरली असेल-नसेल. साधारण वीस तासांनी ती कंटेनरमधे गेली.

आणि आता रजिस्टर.

भरताना दर काही खोक्यांमागे एक उघडून, लादीला हातड्रिलने गाभ्यापर्यंत भोक पाडून प्रोब घालायचा आणि आकडा स्थिर झाला की लिहायचा, अशी आमची पद्धत आहे. कागदावरची. दहा खोक्यांना अर्धा-पाऊण तास जातो. त्या पानावर दहा आकडे आहेत: उणे १८.४, १८.६, १८.५, १८.५, १८.४, असे. एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात, दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह. खरा मोजलेला माल असा नसतो. एखादा उणे २१ येतो, एखादा उणे १७, खाडाखोड होते, बर्फाच्या पाण्याने कागद सुरकुततो. हे पान कोरडं होतं. ड्रिलचं पातं आधीच्या आठवड्यात मोडलं होतं, नवीन मागवायचं राहिलं होतं, आणि पोराने कोल्ड स्टोरेजच्या दारावरचा हवेचा आकडा बघून दहा ओळी भरल्या होत्या. पातं मागवायचं काम डिस्पॅचचं. पान तपासायचं काम क्वालिटीचं. खाली सही माझी, दोन्हीच्या वतीने.

त्याच पानाच्या जोरावर आमच्या बाकीच्या कागदांत माल उणे १८ ला भरल्याचं लिहिलं गेलं. विम्याच्या सर्व्हेयरलाही मीच ते पान दाखवलं होतं.

शेटना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "स्पेनला काय कळवायचं?" दोन मार्ग होते. आलेखातलं खिंडार पुढे करून शिपिंग, ट्रान्सपोर्ट, विमा यांच्याशी वर्षभर पत्रापत्री करता आली असती; जहाज कंपनीवर दाव्याची मुदत वर्षाची असते, आणि तोवर ३० टक्के अडकलेलेच. किंवा लॉटचा शिक्का लिहून मोकळं व्हायचं. आम्ही दुसरं केलं. यात नीतीचा भाग किती आणि रोख पैशांची निकड किती, हे मला आजही सांगता येणार नाही. बँकेचं पॅकिंग क्रेडिट, म्हणजे निर्यातीआधी उचललेलं कर्ज, डोक्यावर होतं. २६० खोक्यांच्या लॉटमधे वीज गेल्याने गोठवण अपुरी राहिली, बाकीच्या ९९० खोक्यांना त्याची बाधा नाही, हवी तेवढी फोडून तपासा, असं लिहिलं. त्यांनी फोडली, तपासली आणि ९९० चे पैसे पूर्ण सोडले. २६० वर निम्मा भाव ठरला. लॅबचे रिपोर्ट बघून त्यांनी तो माल कापून शिजवायच्या कारखान्याकडे वळवला. जे प्रकरण ३० टक्क्यांवर सुरू झालं होतं, ते एकूण कंटेनरच्या साधारण दहा टक्क्यांवर मिटलं.

प्लांटमधे बदललं ते असं: प्लेट फ्रीझरची वेळ आता घड्याळावर नाही, गाभ्याच्या आकड्यावर संपते. ड्रिलची तीन पाती कपाटात असतात. प्रोबच्या आकड्याचा फोटो काढावा लागतो, खोक्याच्या शिक्क्यासकट. कंटेनर भरताना कोणत्या रांगेत कोणता लॉट गेला याचा नकाशा आधीपासून होता, पण तो ढोबळ असायचा. आता मधे घातलेली ४६ खोकीही दिसतात. प्लेट फ्रीझर ओढेल असा मोठा जनरेटर मी लेखी मागितला आहे. त्याचं कोटेशन शेटच्या टेबलावर पेपरवेटखाली आहे.

जानेवारीत एक कंटेनर धक्क्यावर चार तास थांबवला, कारण तिसऱ्या खोक्याने उणे १३ दाखवलं. शेट खाली आले, आकडा बघितला, कंटेनर थांबवून ठेवायचं भाडं दर तासाला किती ते मला ऐकवलं, आणि परत वर गेले. तो लॉट भरला नाही.

त्याच कंटेनरला मामा आले होते. पाकिटात नऊ हजार घालून मी त्यांना गेटवर दिले. त्यांनी मोजले, खिशात ठेवले. जनरेटरचा काय दोष निघाला विचारलं तर म्हणाले, डिझेल फिल्टर चोंदला होता, मिस्त्रीची पावती तेव्हाच दिली होती ट्रान्सपोर्टला. ती पावती आमच्यापर्यंत कधी आलीच नव्हती. आम्ही मागितलीही नव्हती.

"मग भरा लवकर," मामा म्हणाले, "कशेडीच्या आधी अंधार नको."